शेजारणीनं दिलेला धागा

एका राज्यात एक बाई राहत होती. चाळिशी उलटलेली, सूत बरं कातणारी, आणि स्वतःला फार शहाणी समजणारी. तिला वाटलं, आपण आपला एक धागा लपवला की माणूस वाचतो. ती बाई म्हणजे मीच, गिरजा. आधीच कबूल केलेलं बरं, नाहीतर तुम्ही अर्ध्या गोष्टीत मला नायिका समजून बसाल.

त्या राज्याची रीत अशी. कुणाला फाशी सुनावली की नगरात डंका फिरे, आणि दहा दिवसांच्या आत प्रत्येक घरातून एक धागा राजवाड्यात जाई. सगळ्या घरांचे धागे एकत्र वळले की फाशीचा दोर तयार. एका घराचा जरी कमी पडला तरी दोर वळता येत नसे.

ही रीत घालून दिली अंजनस्वामी नावाच्या जादूगारानं. महाराजांच्या आजोबांनी त्याला विचारलं होतं, "फाशीचं पाप कुणाच्या माथी?" तो म्हणाला, "सगळ्या नगरात वाटून टाका. इतकं बारीक होईल की कुणाला दिसणार नाही."

आणि खरंच, कुणाला दिसलं नाही. फक्त पहिला दोर वळला त्या दिवसापासून सगळ्या नगराच्या चिमटीची शुद्ध गेली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, ज्यात धागा धरतात ती चिमूट. बायका तव्यावरची भाकरी हातानं उलटत, आणि कातडी जळाल्याचा वास आला की हात मागे घेत. लेकराचा ताप बोटांना कळत नसे म्हणून कपाळाला गाल लावून बघत. विचारलं तर म्हणत, "आपल्याकडचं पाणीच तसं आहे."

फाशीच्या चौकात सावरीचं मोठं झाड होतं. फासावर गेलेल्याचा शेवटचा शब्द एका साळुंकीच्या तोंडी येई, आणि ती त्या झाडावर बसून जन्मभर तेवढंच बोले. एक म्हणे, "गाईला पाणी दाखवा." एक म्हणे, "आई, तू बघू नकोस." आणि चौघी म्हणत, "तो मी नव्हतो." खाली बाजार भरे. वांगी घेताना माणसं थोडं मोठ्यानं बोलत, इतकंच.

मीही वर्षानुवर्षं धागा दिला. चांगला, एकसारखा, गाठ नसलेला. लोकांनी कौतुक केलं की मान वेळावून हसलेसुद्धा. मग एका वर्षी डंका फिरला येसबा गुराख्याच्या नावानं. माझी म्हैस रानात हरवली होती तेव्हा तो तीन दिवस तिला शोधत फिरला होता. मी धागा कातला आणि धान्याच्या कणगीत लपवून ठेवला. वाटलं, झालं काम. दहा दिवस मी देवी असल्यासारखी नगरात हिंडत होते.

दहाव्या दिवशी शेजारची चंद्राक्का कुंपणावरून डोकावली.

"गिरजे, विसरलीस ना गं यंदा? काळजी करू नकोस. तुझ्या नावाचा मी दिला."

"का दिलास, आक्का?"

"का म्हणजे? शेजारी कशाला असतात?"

तीही रीतच होती. घरात आजारपण असलं, बाळंतीण असली, सुतक असलं, तर शेजारीण दोन धागे देई. कुणाला खाली बघायला लागू नये म्हणून. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. चंद्राक्काच्या बाळंतपणात मीच तिचा दिला होता.

दुसऱ्या दिवशी येसबा गेला. त्याची साळुंकी सावरीवर बसली नाही. ती येऊन माझ्या छपरावर बसली आणि म्हणाली, "दोर मऊ आहे."

चंद्राक्का अंगणातून ओरडली, "ऐकलंस का? माझं सूत!"

सहा महिन्यांनी पुन्हा डंका वाजला. या वेळी नाव होतं हैबती पाथरवटाचं. किल्ल्याच्या तटाचं काम चालू होतं, वरून चिरा पडला आणि खाली उभा असलेला मुकादम जानराव जागीच गेला. आदल्या दिवशी दोघांचं चारचौघांत भांडण झालं होतं. चिरा सुटला की हैबतीनं सोडला, ते कुणी पाहिलं नव्हतं. न्याय एका दुपारीत उरकला.

मी चंद्राक्काकडे गेले. "आक्का, या वेळी माझ्या नावाचा देऊ नकोस."

"बरं नाही का तुला?"

"बरी आहे. द्यायचाच नाही मला."

"मग तर मला द्यायलाच हवा. लोक म्हणतील, शेजारीण कशी ही!"

मी तिला हाताला धरून घरी आणलं आणि कणगीतून तो जुना धागा काढून दाखवला. "येसबाच्या दोरात माझा नव्हता. तुझे दोन होते."

छपरावर साळुंकी म्हणाली, "दोर मऊ आहे."

चंद्राक्का मटकन खाली बसली. स्वतःच्या चिमटीकडे बघत म्हणाली, "मी नाही दिले तर पलीकडची कोंडाबाई देईल. तिनं नाही दिले तर तिच्या पलीकडची."

"मग सगळ्यांना विचारते."

"तू? भाजीवालीला नको म्हणता येत नाही तुला."

हे खरं होतं. त्याच सकाळी मी नको असलेले दोन भोपळे घेऊन आले होते.

"थांब," ती पदर खोचत म्हणाली, "मीच येते. एकटी गेलीस तर तुला कुणी पाणीसुद्धा विचारणार नाही."

आम्ही दारोदार फिरलो. पहिल्या दिवशी तीन घरं झाली. दुसऱ्या दिवशी एक दार माझ्या तोंडावर बंद झालं, ते नेमकं माझ्या मामेबहिणीचं.

"खुन्याला बसवून जेवू घालायचं का?" लोक विचारत.

"सोडा म्हणत नाही हो मी. थांबा म्हणते. फास एकदा आवळला की सैल करायची रीत आपल्याकडे नाही."

"थांबायचं कधीपर्यंत?"

"कळेपर्यंत."

"काय कळेपर्यंत?"

यावर चंद्राक्का म्हणे, "ते कळलं की येऊन सांगू. तोवर धागा घरात ठेव."

काही जण हो म्हणाले. काही हो म्हणून फिरले, त्यांच्याकडे पुन्हा जावं लागलं. एका म्हाताऱ्यानं नुसती करपलेली बोटं पुढे करून दाखवली आणि तो आत गेला. आठव्या दिवसापर्यंत चौकाच्या अलीकडचं आणि पलीकडचं सगळं नगर झालं. उरली तीन दारं. ती मी मुद्दाम शेवटी ठेवली होती, कारण मला भीती वाटत होती.

पहिलं दार जानरावच्या आईचं, सारजाईचं. मी काय बोलायचं ते पाठ करून गेले होते. तिला बघितलं आणि सगळं विसरले.

"बोल," ती म्हणाली. "सगळ्या नगराला सांगत फिरतेस ते मला सांग."

"सारजाई, तुमचा धागा..."

"कातून ठेवलाय. पहिल्याच दिवशी. त्याला सोडणार का तुम्ही?"

"नाही. कोठडीत राहील."

"जिवंत?"

"जिवंत."

ती उठली, कोनाड्यातून धागा काढला, आणि मला वाटलं आता हा माझ्या अंगावर फेकणार. पण तिनं तो बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"मला त्याला एकच विचारायचंय," ती म्हणाली. "दगड सुटला की सोडलास? तीन वेळा कोठडीच्या दाराशी गेले. पहारेकरी म्हणतात, बाई, निकाल लागला, आता कशाला? तो मेला की मी कुणाला विचारू? साळुंकीला?"

तिनं धागा पुन्हा कोनाड्यात ठेवला.

"उत्तर मिळेपर्यंत माझा धागा नाही," सारजाई म्हणाली. "आणि माझ्या नावानं कोण देतं ते मी बघतेच."

दुसरं दार फाशी देणाऱ्या धाकलूचं. त्याची बायको त्याला घास भरवत होती. चिमटीपासून खांद्यापर्यंत त्याचे दोन्ही हात बधिर झाले होते, लाकडासारखे.

"धाकलूदादा, थांबशील का?" मी विचारलं.

"हो."

मी घरून निघताना तासभर वाद घालायची तयारी केली होती. "एवढ्यात हो?"

"याआधी कुणी विचारलं नाही," तो म्हणाला. "ताक घेणार?"

तिसरं दार राजवाड्याचं. तिथं जायच्या आधी दहावा दिवस उजाडला आणि आम्हालाच बोलावणं आलं. दरबारात अर्धं नगर उभं होतं. महाराज सिंहासनावर, आणि खाली अंजनस्वामी, पुढ्यात रिकामी परात घेऊन. त्या परातीत एकही धागा नव्हता, माझ्या मामेबहिणीचासुद्धा.

अंजनस्वामी हसला. त्याला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

"महाराज, चिंता नसावी," तो म्हणाला. "घरं विसरली तर शेजारी देतो, ही रीत. आणि राजवाडा तर सगळ्या नगराचा शेजारी. जेवढे कमी, तेवढे राजवाडा देईल." त्यानं बाही झटकली. बाहीतून धाग्यांची रास पडली आणि आपोआप पीळ घेऊ लागली. बघता बघता हातभर दोर झाला.

दहा दिवस, एवढी दारं, आणि हा एका बाहीत संपवतो. मी महाराजांपुढे हात जोडले.

तेवढ्यात मागून चंद्राक्काचा आवाज आला. शेजारधर्मात तिचा हात धरणारं राज्यात कुणी नव्हतं.

"अहो स्वामी, रीत अर्धीच सांगता का? ज्यानं आधी आपल्या घरचा दिला, तोच दुसऱ्याचा देतो. राजवाड्याच्या घरचा कुणी दिला?"

"मी. दर वेळी मीच देतो."

"तुम्ही या घरचे नाही. पाहुणे आहात."

"ऐंशी वर्षं मी इथं राहतो, बाई."

"फार राहिलात. पण पाहुणेच."

महाराजांनी अंजनस्वामीकडे पाहिलं. "ही बाई म्हणते ती रीत खरी?"

अंजनस्वामीला खोटं बोलता येत नव्हतं, रीत त्यानंच बांधली होती. "खरी, महाराज."

"म्हणजे आमच्या घरानं आजवर एकही धागा दिला नाही."

"नाही, महाराज."

"टकळी आणा," महाराज म्हणाले.

टकळी आली, कापसाचा पेळू आला. महाराज कातू लागले. इतकं वाईट सूत मी जन्मात पाहिलं नाही. चंद्राक्काला राहवेना. "महाराज, उलटी फिरवताय." महाराजांनी सुलटी फिरवली. वीतभर धागा निघाला आणि त्यांचा हात थांबला. चिमटीतला धागा त्यांना लागेनासा झाला होता. मग त्यांनी अंगठा आणि बोट शेजारच्या समईच्या ज्योतीवर धरलं आणि तसंच धरून ठेवलं. वास आम्हा सगळ्यांना आला.

"स्वामी, हे काय?"

"सवय होते, महाराज."

"नगराला झाली?"

"केव्हाच."

महाराजांनी आमच्याकडे पाहिलं. कुणी पदराखाली हात लपवला, कुणी पाठीमागे. सारजाईनं लपवला नाही.

महाराजांनी टकळी खाली ठेवली. "थांबवा."

"महाराज, दोर अर्धा झाला आहे."

"आमच्या घरचा धागा मिळणार नाही. आज नाही, पुढं नाही. आमच्याआधी कुणी देऊ नये, आणि आमच्या नावानंही कुणी देऊ नये."

तो अर्धा दोर जमिनीवर उलटा फिरू लागला. पीळ सुटला, धागे वेगळे झाले आणि दाराबाहेर सरपटत गेले. सगळ्यात शेवटचा धागा अंजनस्वामीच्या बाहीला जोडलेला होता. तो ओढला गेला तशी बाही उसवली, मग खांदा, मग दाढी. ऐंशी वर्षांत त्याच्या अंगात दुसरं काही उरलंच नव्हतं. शेवटी दोन खडावा राहिल्या. झाडूवालीनं त्या उचलून नेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी घराघरातून किंकाळ्या ऐकू आल्या. "चटका बसला गं!" म्हणून बायका तव्यापासून उड्या मारत होत्या, रडत होत्या आणि एकमेकींना बोटं दाखवत होत्या. सावरीवरच्या साळुंक्या उडून गेल्या. माझ्या छपरावरचीही गेली. मात्र गेलेलं माणूस एकही परत आलं नाही. येसबाच्या म्हशी अजून कुणाचंच ऐकत नाहीत.

त्याच दिवशी कोठडीचं दार सारजाईसाठी उघडलं. तिनं विचारलं, आणि मी बाहेर उभी राहून ऐकलं.

"दगड सुटला, आई," हैबती म्हणाला. "पण मला तो हलताना दिसला होता. ओरडलो असतो तर जानराव बाजूला झाला असता. मनात राग होता. ओरडलो नाही."

सारजाई उठली आणि घरी गेली. तिनं माफ केलं का, मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, आणि तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी मी गेले. भाकरी नेली होती. हैबती कोपऱ्यात बसला होता. मी भिंतीला पाठ लावून ऐसपैस उभी राहिले आणि दहा दिवसांची सगळी कथा त्याला सांगितली, किती उंबरे, किती नकार, मामेबहिणीचं दारसुद्धा. तो ऐकत होता की नाही कळेना. खरं सांगू, मला थोडे उपकार मानून घ्यायचे होते.

"हैबती," मी शेवटी म्हणाले, "मला काहीच म्हणणार नाहीस का रे?"

त्यानं माझ्या डोक्याच्या वर पाहिलं.

"तिथं टेकू नका, बाई. वरचा दगड सैल आहे."