वरवंटा घेऊन निघालेला आजोबा

बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, चढ चढताना मध्येच खाली बसायची लाज तुम्हाला कधी वाटली आहे का?

फार जुन्या काळी एका डोंगराच्या पायथ्याशी एक पाथरवट राहत होता. जन्मभर त्याने जाती आणि पाटे घडवले. दगडाची धूळ त्याच्या छातीत जाऊन बसली. वैद्याने पाठीला कान लावला आणि सांगितले, "ही धूळ आता निघायची नाही. दम गेला, पाथरवटा. आता दम धरून राहायचं."

डोंगरावरच्या वाडीत त्याची लेक नांदत होती. तिला दुसरे बाळ झाले. तिकडची रीत अशी, की बारशाला पाळण्यात आधी आईच्या वडिलांनी आणलेला वरवंटा निजवायचा, मग बाळ. लेकीचा निरोप आला, "बाबा, उद्या बारसं. वाट बघते."

पण त्या डोंगराची आणखी एक रीत होती. चढ एका दमात चढायचा. जो मध्ये बसला, त्याचे हसे व्हायचे. त्या लाजेपायी पाथरवट दोन वर्षे लेकीकडे गेला नव्हता.

बारशाच्या दिवशी सकाळीच त्याने वरवंटा फडक्यात बांधला आणि निघाला. वीस पावलांवर छाती भात्यासारखी वाजू लागली. त्याने आजूबाजूचा एक सपाट दगड वाटेच्या कडेला ओढला आणि त्यावर बसला.

खालून टवाळ ओरडले, "बसला रे बसला! पाथरवटाचा दगड झाला!"

"दगडच आहे," तो धापा टाकत म्हणाला, "पण वर सरकतोय."

इतक्यात खाली दूध घालून वाडीकडे परतणारी म्हातारी आली. तिचे गुडघे दुखत होते. "भाऊ, उठा. लोक बघतात. वरवंटा द्या इकडे, मी पोचवते."

"वरवंटा पोचेल, आजोबा नाही पोचायचा. तुम्हीही टेका जरा."

"नको बाई, मला हसतील!" म्हणत ती लंगडत पुढे गेली.

तो वीस पावले चाले, तिथला एखादा दगड कडेला ओढे, बसे. दुपारी खोकल्याची अशी उबळ आली, की आता इथेच संपलो असे त्याला वाटले. श्वास परत येईपर्यंत तो वरवंट्यावर हात ठेवून थांबला. श्वास थोडासाच आला. तेवढ्यावर तो उठला.

तो पोचला तेव्हा दिवे लागले होते. बारशाला आलेल्या बायका वाट बघून निघून गेल्या होत्या. लेक रिकाम्या पाळण्याशी बसून होती. त्याची धाप थांबेना. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिने पाळण्यात वरवंटा निजवला, मग बाळ.

पाथरवटाचा आजार कधीच बरा झाला नाही. पण बाळांनो, एवढे ध्यानात ठेवा: श्वास थोडा उरला म्हणून जगणे सोडू नये, थांबत थांबत का होईना, पुढे जावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाली म्हातारी पाथरवटाने चढावर ओढून ठेवलेल्या एका दगडावर घागर उतरवून बसली. खालून कोणीतरी हसले. ती उठली नाही.