धुनीवरचं मोहोळ

“दारावरच्या माश्यासुद्धा हटत नसतील, तर ही धुनी आपण जागती ठेवायची ती कशाला, बाबा?”

रेवणबाबा वडाच्या पारावर बसून कफनीला ठिगळ लावत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

विचारणारा म्हाळू, त्यांचा शिष्य. मठाची धुनी त्याच्या हवाली होती आणि त्याचा त्याला भारी तोरा होता. बाबांच्या गुरूंच्याही गुरूंनी पेटवलेला तो विस्तव. एकदाही विझलेला नाही, आणि विझला तर राखणाऱ्याचं वाटोळं होतं, असं पंचक्रोशीत बोललं जाई. धुनीपायी म्हाळू आईच्या दहाव्यालाही घरी गेला नव्हता. हे तो आल्यागेल्याला सांगत असे.

अशा माणसाची एका मोहोळानं पाचावर धारण बसवली होती.

धुनीच्या बरोबर वर, वडाच्या आडव्या फांदीला आग्या माश्या येऊन बसल्या होत्या. सुपाएवढं काळं मोहोळ, आणि मठात शिरायची वाट त्याच्याच खालून. एरवी वारा धूर माळाकडे लोटायचा, म्हणून माश्यांना त्याची झळ लागत नव्हती.

म्हाळू लहान असताना अशाच माश्यांनी त्याच्या चुलत्याची बैलजोडी गाडीला जुंपलेली तशीच मारली होती. जू सोडायला कुणी पुढे झालं नाही. घोंगडीखाली दडून त्यानं ते हंबरणं ऐकलं होतं. ते अजून त्याच्या कानांतून गेलं नव्हतं.

रोज तो बाबांच्या मागे लागे. पलिता लावू, नाहीतर मोहोळ काढणाऱ्याला बोलावू. बाबा म्हणत, बहर सरला की त्या आपणहून उठतील, तोवर खालून वाकून जा, गडबड करू नको.

आजही ते तेवढंच म्हणाले, आणि कळशी घेऊन विहिरीकडे गेले.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसं झालं. बाबांची पाठ वळताच म्हाळूनं धुनीत लिंबाचा ओला पाला कोंबला, वर ओलसर शेण्या रचल्या. धूर झाला की उठतील; गुरूंच्या विस्तवापुढे माश्या त्या काय!

तेवढ्यात धनगरवाड्याची धुरपा तान्ह्या पोराला घेऊन आली. बाळंतिणीनं सव्वा महिन्यानं यायचं, पोराला धुनीजवळ घोंगडीवर निजवायचं आणि अंगारा लावून घ्यायचा, ही तिथली रीत. थांब म्हणायला म्हाळूची जीभ रेटली नाही. काय सांगणार? धुनीपाशी येऊ नकोस?

धुरपानं पोर निजवलं... आणि वारा पडला.

धूर सरळ वर चढला.

मोहोळावरून एक लाट सरकली. मग दुसरी. मग आवाज बदलला. तो आवाज म्हाळूनं ओळखला; बैल मेले त्या दिवशीचा.

धुरपा रानात वाढलेली. तिनं पोर उचलून पळायचा वेडेपणा केला नाही. पदर पसरून ती पोरावर ओणवी झाली आणि तशीच दगडासारखी राहिली. एक माशी तिच्या मानेवर बसली, मग दोन.

म्हाळूनं पाण्याची घागर धरली. कुणीतरी मागून मनगट पकडलं. बाबा होते.

“पाणी नको. भपकन वाफ उठंल.”

“मग?”

“मातीनं बुजव.”

“बाबा... धुनी?”

बाबा धुनीपाशी बसले आणि ओंजळीनं माती ओढू लागले. हातावर माश्या डसत होत्या. त्यांनी हात झटकला नाही की घाई केली नाही.

म्हाळू उभाच. वर माश्या, खाली शाप.

“कुनाला भ्यालास?” बाबांनी मान न वळवता हळूच विचारलं. “माश्यांला, का धुनीला?”

“...दोघांना.”

“मग दोघांना भिऊन ये. पर ये.”

तो रांगतच आला. डोळे मिटून त्यानं पहिली ओंजळ टाकली. कानाच्या पाळीला डंख बसला, पापणीला बसला. त्याला बैल हंबरताना ऐकू येत होते. तो माती टाकत राहिला. शेण्या बुजल्या, पाला बुजला, धुराची शेवटची रेघ तुटली.

मग कुणी हललं नाही. ऊन कलेपर्यंत ती तिघं तशीच राहिली. हळूहळू मोहोळावरच्या लाटा मंदावल्या, आणि माश्या पुन्हा एकमेकींना बिलगून बसल्या.

धुरपानं पदर काढला. तिची मान सुजून लाल झाली होती. पोराच्या अंगावर एकही डंख नव्हता.

म्हाळूनं काटकीनं माती उकरून पाहिली. पार तळापर्यंत उकरली. एक निखारा जिवंत नव्हता.

त्याचा बांध फुटला. जे राखायला आईलाही मुकलो, ते मीच माझ्या हातानं पुरलं, म्हणाला. आता लोकांना काय सांगू, वरती गुरूंना काय तोंड दाखवू, माझं काय व्हायचं... तो मोठमोठ्यानं हुंदके देऊ लागला.

बाबांनी सुजलेलं बोट ओठांवर ठेवलं.

“हळू रड. पोर निजलंय.”