महाराज सतरा वेळा बसले

सात टेकड्यांपलीकडच्या जंगलात अस्वल राज्य करत होतं, कारण मतदानाच्या आदल्या दिवशी त्यानं दर घरटी एक पोळं मध वाटला होता. सगळं कसं नियमाला धरून होतं.

तिथं शिंकांची साथ आली. पाणवठा बंद, बाजार बंद, शाळा बंद. टिटवीला काम मिळालं: रोज वस्तीवस्तीत फिरायचं, कालचे चिंचोके काढायचे आणि आज जितक्या शिंका तितके चिंचोके त्या त्या वस्तीच्या मडक्यात टाकायचे. मडकी वडाखाली, सगळ्यांना दिसतील अशी.

गवताळ वस्तीतली ससीण धुरपाबाई रोज सकाळी आपलं मडकं बघून जायची. तिच्या पिल्लाची छाती नाजूक. मडकं रिकामं झालं की शाळा, असं तिनं त्याला कबूल केलं होतं. तोवर पिल्लानं निम्मं बीळ कुरतडलं होतं.

दोन महिन्यांत महाराज वैतागले. हार नाही, तुरे नाहीत, भाषण नाही! "ही साथ जाणार कधी?" त्यांनी प्रधान घोरपडीला विचारलं.

"साथ कुठाय महाराज? नुसती मडकी आहेत," घोरपड म्हणाली.

लगेच फर्मान निघालं. शिंक तीच, जी मंगळवारी, वडाखाली, दोन साक्षीदारांसमोर येईल. बाकीचा ज्याच्या त्याच्या नाकाचा खाजगी प्रश्न. आठवड्यात मडकी रिकामी झाली आणि शाळेच्या उद्घाटनाची दवंडी पिटली गेली.

धुरपाबाईनं टिटवीला गाठलं. "टिटवीताई, खरं सांगा, पाठवू का पोराला?"

"मडक्यात शून्य आहे."

"मडक्याचं कुठं विचारतेय मी?"

टिटवी रिकामं मडकं पुसायला लागली. तिलाही घरटं चालवायचं होतं हो!

उद्घाटनाला अख्खं जंगल लोटलं. शाळेच्या दारात वेलीची फीत बांधलेली. महाराजांनी पंजा उचलला. "बंधूंनो आणि भगिनींनो, आज आपलं जंगल शिंकमुक्त..."

"आक्छी!" गर्दीतून आवाज आला.

आता अस्वलाच्या घराण्यात सात पिढ्यांची रीत होती. शुभकार्यात कुणी शिंकलं की खाली बसायचं, तांब्याभर पाणी प्यायचं, मगच पुढं जायचं. महाराज बसले. पाणी प्यायले. उठले.

"आक्छी!"

पुन्हा बसले. दुपार झाली तरी फीत तशीच आणि महाराजांचं पोट नगाऱ्याएवढं.

"सतरा," धुरपाबाई मोठ्यानं म्हणाली. "महाराज सतरा वेळा बसले. टिटवीताई, टाका चिंचोके!"

"महाराज तहानेनं बसले!" घोरपड ओरडली. "आणि आज बुधवार आहे!"

पण महाराज पुरते घाबरले होते. "अपशकुन झालाय. मी गुहेतूनच उद्घाटन करतो," ते म्हणाले. "मुलांनी मात्र बिनधास्त आत जावं. त्यांना कसली आलीय भीती?"

धुरपाबाईनं पिल्लाला काखेत मारलं. पिल्लानं भोकाड पसरलं, तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. "महाराज गुहेत, तर माझं लेकरू बिळात," ती म्हणाली आणि चालू लागली. तिच्यामागून हरणी गेली, साळू गेली, मग सगळ्याच आया गेल्या.

दुसऱ्या दिवशी राजपोपटांनी झाडाझाडावरून बातमी दिली: शाळा सुरू, पहिल्या दिवशी वर्गात एकही शिंक नाही!

वर्गात एकही पिल्लू नव्हतं, हे त्यांना कुणी सांगायला सांगितलं नव्हतं.