न्हाणीघराची कोरडी बाजू

"...आणि काच साधी घ्यायची की धुरकट, तेवढं सांगा बुवा. बाकी सगळं मी ठरवलंय."

रेवणबुवा ओट्यावर डोळे मिटून बसले होते. धैर्यशीलनं न्हाणीघराचा नकाशा त्यांच्या मांडीवर पसरला.

बुवांनी डोळे उघडले, पण नकाशाकडे बघितलं नाही.

"नामाप्पा आज पाणी प्याला?"

"अर्धा पेला."

"काल?"

"कालही तेवढंच. म्हणून तर घाई करतोय ना मी!"

मी समोरच स्वयंपाकघराच्या दारात शेंगा फोडत बसलो होतो. मठाचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. कोण किती जेवतो, कोण किती पाणी पितो, हे मला कुणी सांगावं लागत नाही. नामाप्पा मरणाच्या वाटेला लागला होता, आणि तेसुद्धा नुसत्या लाजेपायी.

हिवाळ्यात त्याची डावी बाजू गेली. जन्मभर सगळ्या मठाच्या अंघोळीचं पाणी तापवलेला, स्वतः मात्र कुणाकडून काही करून न घेतलेला माणूस, आता खाटेवर पडून ओल्या फडक्यानं अंग पुसून घेत होता. अंथरूण भिजलं की तोंड भिंतीकडे करायचा. मग त्यानं त्यावर आपला उपाय काढला. पाणीच सोडलं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर हा माणूस हातचा जाईल.

त्याला न्हाणीघरात नेऊन बसवावं म्हटलं तर ते एवढंसं. उंच उंबरा, बुळबुळीत शहाबादी फरशी, कोपऱ्यात धुण्याचा दगड. अंघोळ तिथंच, धुणंही तिथंच. धडधाकट माणूस तिथं आपटायचा, मग नामाप्पाची काय कथा?

तेव्हा धैर्यशील पुढं झाला. पुण्यात मोठमोठ्या इमारती बांधून, सगळं सोडून तो मठात आला होता. देणगी जमली थोडी. एका गूळवाल्यानं कपडे धुवायचं मशीन दिलं. एवढ्यातच सगळं बसवायचं आणि नामाप्पाला पाण्याखाली बसवायचं, असा त्यानं पणच केला. हट्टी गडी. पण मनानं वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो.

फक्त एक होतं. त्याच सुमाराला समाधीच्या पूजेचा मान त्याच्याकडे आला होता. पहाटे अंघोळ, सोवळं, मग पूजा, आणि माध्यान्हीला पुन्हा एकदा. त्या सोवळ्याचं त्याला फार झालं होतं. अंगणातून चालायचा तो अंग चोरून. माझ्या शेंगांच्या टरफलांनासुद्धा वळसा घालायचा, बोला!

"ही काच कशाला रे?" बुवांनी विचारलं.

"अलीकडे ओलं, पलीकडे कोरडं. नामाप्पा ओल्या बाजूला बसतील. मी कोरड्या बाजूला उभा राहून फवाऱ्याची नळी आत धरणार. अंगावर एक थेंब नाही. तसाच पूजेला हजर."

"महाग असेल."

"निम्मे पैसे काचेतच जातात. पण मी बसवतो ना. फरशी गुळगुळीत, स्वस्तातली घेतो. उताराचं खोदकाम वाचवतो."

"आणि सगळं मावतं?"

"कागदावर तंतोतंत!"

बुवा उठले.

"तालमीतनं फक्की आण."

कबड्डीचं मैदान आखायची ती पांढरी भुकटी. धैर्यशील बुचकळ्यात पडला, पण घेऊन आला.

"कागदावरचं अंगणात काढ. खऱ्या मापानं."

त्यानं काढलं. हात चांगला होता पठ्ठ्याचा. चार भिंती, दार, बेसिन, मशीन, आणि मधोमध काचेची सरळ रेघ. बुवांनी एक प्लास्टिकची खुर्ची ओढत नेली, रेघेच्या ओल्या बाजूला ठेवली आणि तिच्यात बसले. बसले, आणि त्यांची डावी बाजू एकदम सैल पडली. मान कलली. हात लोंबायला लागला. मी शेंगा टाकून उठलोच, म्हटलं, बुवांनाही झालं की काय!

"घाल अंघोळ," बुवा म्हणाले.

धैर्यशील कोरड्या बाजूला उभा राहिला. हातात नळी आहे असं समजून त्यानं ती रेघेच्या आत धरली.

बुवा डावीकडे झुकायला लागले.

झुकले…

आणखी झुकले…

धैर्यशीलनं झेप घेतली आणि त्यांना धरलं.

"काच फुटली," बुवा तशाच कललेल्या मानेनं म्हणाले.

मला हसू आलं. धैर्यशीलनं माझ्याकडे असं बघितलं, की मी परत शेंगांकडे वळलो.

दुसऱ्या वेळी तो आत शिरला. बुवांच्या मागं उभा राहून काखेत हात घातला.

"भिंतीत उभा आहेस."

तो पुढं सरकला.

"आता मशीनमध्ये आहेस."

"बुवा, तुम्ही मुद्दाम पडताय!"

"नामाप्पा मुद्दाम पडणार नाही. मग तुला सोपं जाईल का?"

धैर्यशीलचे कान लाल झाले. मला वाटलं, आता नकाशा फाडून फेकणार. पण नाही. त्यानं दात आवळले, सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि पायानं बेसिन पुसून टाकलं. पुन्हा बुवांना धरलं. पुन्हा मावेना. दार बाहेरच्या बाजूला उघडेल असं केलं. मशीन कोपऱ्यात उंच कट्ट्यावर चढवलं. धुण्याचा दगड त्याच्या शेजारी ओढला. ऊन तापलं, त्याच्या पाठीवर घाम आला, तरी गडी हटेना. पुसायचा, आखायचा, बुवांना उचलायचा. बुवाही दर वेळी आपलं सगळं वजन त्याच्यावर टाकत होते, जराही कीव न करता.

काचेच्या रेघेला मात्र त्यानं पाय लावला नाही.

"अजून एक जण जास्त आहे आत," बुवा म्हणाले.

"आत दोघंच आहोत. तुम्ही आणि मी."

"नीट बघ."

धैर्यशीलनं चहूकडे बघितलं. माझ्याकडेही बघितलं. मी तर केव्हाचा बाहेर होतो.

बुवा खुर्चीतून उठले. माझी भांडी विसळायची बादली काठोकाठ भरलेली होती, ती उचलली. अर्धी स्वतःच्या डोक्यावर ओतली आणि उरलेली धैर्यशीलच्या.

"अहो बुवा!" तो किंचाळला. "पूजा राहिलीय माझी माध्यान्हीची!"

बुवा परत खुर्चीत बसले, पुन्हा सैल पडले, पुन्हा झुकले. धैर्यशीलनं त्यांना सावरलं. आता भिजलेलाच होता, मग काय जपणार? गुडघा टेकून अगदी जवळ बसला, बुवांचं डोकं खांद्यावर घेतलं, एक हात पाठीमागं घातला. दुसरा हात मोकळा राहिला.

पाणी अंगणात पसरत गेलं. जाता जाता मधली पांढरी रेघ घेऊन गेलं.



"मावलं की," धैर्यशील हळूच म्हणाला.

"कोण गेलं बाहेर?"

त्यानं रेघ होती तिथं बघितलं.

"कोरडा राहणारा," तो म्हणाला.

बुवांनी धोतर पिळलं आणि कपडे बदलायला निघून गेले. मला नवीन पाणी भरावं लागलं, त्याचं कुणाला काही नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी घणाचे घाव सुरू झाले. धैर्यशीलनं उंबरा स्वतः फोडला. डबर पाटीत भरून डोक्यावरनं बाहेर नेलं. काचेचे पैसे वाचले, ते फरशीखालच्या उताराला आणि मोठ्या जाळीला लागले. फरशी आणली खरखरीत, दिसायला अगदी सामान्य. भिंतींना कमरेएवढ्याच टाइल्स, वर चुना. हाताला धरायला दांडा हवा होता. दुकानातला परवडेना, तर यानं बोअरच्या जुन्या पाइपाचा तुकडा घासून, रंगवून भिंतीत पक्का गाडला आणि स्वतः त्याला लोंबकळून बघितलं. गवंडी म्हणाला, उतार एवढा कशाला? धैर्यशील म्हणाला, द्यायचाच.

खाटेवरनं नामाप्पा विचारायचा, "कुठवर आलं?"

"येतंय. तुम्ही पाणी प्या."

"झाल्यावर पितो."

हे ऐकलं की धैर्यशील जेवणावरनं उठायचा आणि परत कामाला लागायचा. मी ताट झाकून ठेवायचो. रागवायचो, पण ठेवायचो.

न्हाणीघर पुरं झालं त्या सकाळी त्यानं नामाप्पाला कडेवर घेतल्यासारखं उचलून आत नेलं. खुर्चीत बसवलं. उजवा हात दांड्यावर ठेवला. स्वतः कपड्यांसकट शेजारी गुडघे टेकून बसला, म्हाताऱ्याचं डोकं खांद्यावर घेतलं आणि पहिला तांब्या ओतला.

नामाप्पानं डोळे घट्ट मिटले.

आम्ही सगळे दाराशी उभे.

"असलं पाणी तापवतात होय रे?" नामाप्पा अडखळत म्हणाला. "कोमट! माझ्या वेळी वाफ निघायची, वाफ!"

धैर्यशील हसला, रडला, काय केलं कोण जाणे. तोंड साबणानं भरलेलं होतं दोघांचंही.

खराब झालेलं धोतर आणि चादर त्यानं तिथंच दगडावर खळबळून काढली, हात लांब करून मशीनमध्ये टाकली. मशीन घुमायला लागलं. नामाप्पा त्याच्या काचेतून आपली चादर गोल फिरताना बघत राहिला.

"गेलं सगळं?"

"गेलं, नामाप्पा. रोज जाईल."

"कुणाला सांगावं नाही लागणार?"

"कुणालाच नाही."



"पाणी दे," नामाप्पा म्हणाला.

धैर्यशीलनं अंगावर ओतायला तांब्या उचलला.

"अंगावर नको रे बाबा. प्यायला!"

मी धावलो. फुलपात्र भरून दिलं, ते त्यानं संपवलं. दुसरं मागितलं, तेही संपवलं. माझे डोळे भरून आले. सांगायला लाज कसली त्यात?

त्याला कोरडा करून, धुतलेले कपडे घालून खाटेवर निजवलं. मग धैर्यशील परत न्हाणीघरात आला. नखशिखांत भिजलेला, केसांत फेस, पाठीवर फेस. समाधीपाशी पूजेची तयारी मांडून ठेवलेली होती. त्यानं घाईनं बादलीत हात घातला.

दारात बुवा उभे होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं.

"बस," ते म्हणाले.

"कुठं?"

"खुर्चीत."

"का हो बुवा?"

"पाठीला साबण राहिलाय. चोळून देतो."

"छे छे, तुम्ही? भलतंच काहीतरी!" धैर्यशील मागं सरला. "माझी अंघोळ मी करीन की. हातपाय धड आहेत माझे."

बुवांनी तांब्या भरून घेतला…

"नामाप्पा पण हेच म्हणायचा."