द्वारकाबाईची चाळण

चाळण्या बोलायच्या त्या काळी द्वारकाबाईच्या घरीही एक चाळण होती. खोटं वाटलं तर कुठल्याही शेळीला विचारा.

ती चाळण गव्हाचं पीठ असं चाळायची की पोळ्या कापसासारख्या पांढऱ्या होत. वर उरलेला कोंडा शेळीच्या टोपलीत जाई. पण द्वारकाबाईची लेक तुळसा वाळत चालली होती. तिचं पोट साफ होईना आणि एक ताप उतरला की दुसरा चढे. वैद्यबुवांच्या पुड्याही हरल्या.

एकदा शेळी म्हणाली, "चाळणबाई, तुझे उपकार गं! माझी करडं बघ कशी उड्या मारतात."

"मी काय केलं?"

"गव्हातलं सत्त्व रोज आम्हालाच देतेस की! तुळसाला नुसता पांढरा रंग."

दुसऱ्या दिवशी पीठ पडताच चाळणीने अंग ताणलं आणि स्वतःची जाळी मधोमध फाडून घेतली.

"मेली आजच फाटायची होती!" म्हणत द्वारकाबाईने तिला उकिरड्यावर फेकलं आणि नाइलाजाने कोंड्यासकट कणीक मळली.

काही आठवडे असेच गेले. मग बाजाराच्या दिवशी द्वारकाबाई नवी चाळण आणायला निघाली, तर करडांमागे धावणारी तुळसा धापा टाकत तिच्यापाशी आली.

"आई, चाळण नको गं. हीच पोळी गोड लागते."

उकिरड्यावर गंजत पडलेल्या चाळणीने ते ऐकलं.