उजवीकडची पिचकारी

एकदा घाटाच्या पायथ्याशी एका वृद्ध वस्तादांचे गॅरेज होते. त्यांच्यापाशी दोन सख्खे भाऊ काम शिकले. थोरल्याचे नाव गोरख. त्याच्या हाताला गुण होता. रुसलेले इंजिन त्याच्या हाताखाली चालू होई. सात महिन्यांपूर्वी तापाचे निमित्त झाले आणि चार दिवसांत गोरख गेला. धाकटा तेवढा उरला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी धाकटा कामावर हजर झाला. त्याचे डोळे कोरडे होते. लोक म्हणाले, घट्ट मनाचा आहे. खरी गोष्ट त्याला एकट्यालाच ठाऊक होती. स्मशानात सारे गाव रडत असताना त्याने गर्दीवर नजर फिरवली होती आणि त्याच्या मनात आले होते, आपण गेलो असतो तर यांतले किती जण आले असते? त्या विचाराची त्याला इतकी लाज वाटली की रडायचे राहूनच गेले.

लाज विझली, हेवा मात्र धुमसत राहिला. गाडी नीट झाली की गिऱ्हाईक म्हणे, शेवटी गोरखचाच भाऊ. काम फसले की म्हणे, गोरख असता तर. दोन्हीकडून गोरखच. धाकट्याचे स्वतःचे नाव विचारावे असे कोणालाही सुचत नसे. भिंतीवरच्या खिळ्याला गोरखचा खाकी शर्ट तसाच टांगलेला होता आणि वस्ताद येता-जाता त्याच्यावरची धूळ झटकत. घरी आई भाकरी थापताना म्हणे, गोरखला कडक लागायची. मग धाकट्याला पुढ्यातली मऊ भाकरीही गिळवत नसे. जिवंत माणसाचा हेवा वाटला तर निदान त्याच्याशी भांडता येते. इथे भांडायलाही समोर कोणी नव्हते.

एका सकाळी धाकटा ब्रेकचे काम करत होता. वस्ताद वाकून पाहत होते. ते सहज म्हणून गेले, की गोरखचा हात याहून हलका पडायचा. धाकट्याने पाना जमिनीवर आपटला.

"वस्ताद, मेलेल्या माणसाच्या हातून चूक होत नाही. माझ्या हातून रोज होते. मी त्याच्याशी किती दिवस झगडायचं? एक तर त्याचं नाव इथं बंद करा, नाहीतर सोमवारी मी शहरातल्या गॅरेजात जातो. तिथं मला कोणाचा भाऊ म्हणून कुणी ओळखत नाही."

आता वस्ताद याच्या कानाखाली वाजवणार, असे तिथल्या कामगारांना वाटले. वस्तादांनी हात पुसले, खिळ्यावरचा शर्ट काढला, नीट घडी घालून पेटीत ठेवला, कुलूप लावले आणि किल्ली धाकट्याच्या हातावर ठेवली.

"आजपासून या छपराखाली ते नाव कोणी घ्यायचं नाही. मीही घेणार नाही."

धाकटा चकित झाला. रोज शर्टाची धूळ झटकणारा हा माणूस एका शब्दावर इतका कठोर कसा झाला, हे त्याला कळेना. आपण जिंकलो, असे त्याने मनाशी म्हटले. तरी तळहातावरची ती किल्ली त्याला फार गार लागली. सोमवार आला आणि गेला. धाकटा गेला नाही. पण शहरात जाण्यासाठी बांधलेले गाठोडे तसेच राहिले.

वस्तादांनी शब्द पाळला. पूर्वी एखादे काम सांगताना ते म्हणत, गोरखने एकदा असे केले होते, आणि मग त्या गोष्टीत तासभर निघून जाई, चहा गार होई, त्यातच पाच-सहा बारकावे कळत. आता ते फक्त कोणता नट ढिला करायचा एवढेच सांगत. गिऱ्हाइके आली की बसत, घड्याळ पाहत, जात. धाकट्याचे नाव अजूनही कोणी विचारले नाही.

नवव्या दिवशी दुपारी कादरभाई आपली जीप घेऊन आले. घाटातून माणसांची ने-आण करणारा हा जुना ड्रायव्हर. पूर्वी ते टायरवर बूड टेकून काम होईपर्यंत थट्टा करत बसत. आज चेहरा उतरलेला होता. वर रस्त्याचे काम चालू होते, समोरच्या डंपरने लाल चिखल उडवला, समोरून ऊन, आणि कादरभाईंनी काचेवर पाणी मारले तर त्यांच्या बाजूला आलेच नाही. वायपरने चिखल नुसता सारवला गेला. दरीकडचा कठडा त्यांना हातभर अंतरावर दिसला, तेव्हा मागे अकरा माणसे बसलेली होती.

"गोरख असता तर..." कादरभाईंनी सवयीने सुरुवात केली.

वस्तादांनी हात वर केला. "ते नाव इथं घेत नाही आम्ही."

कादरभाईंनी एकदा वस्तादांकडे आणि एकदा धाकट्याकडे पाहिले. मग ते टायरवर न बसता लांब चिंचेखाली जाऊन पाठमोरे उभे राहिले. पाच वाजता त्यांना पुन्हा भरलेली गाडी घेऊन घाट चढायचा होता.

धाकट्याने बॉनेट उघडले. टाकीत पाणी होते, मोटर घरघरत होती. काचेच्या पायाशी दोन बारीक पिचकाऱ्या. टाकीकडून एकच नळी येते आणि पुढे तिला फाटे फुटून एक डावीकडे, एक उजवीकडे जाते. बटण दाबले की डावीकडची पिचकारी काचेच्या माथ्यापर्यंत फवारा मारत होती. उजवीकडे ड्रायव्हरसमोर मात्र दोन थेंब गळत आणि बॉनेटवरच ओघळत.

धाकट्याला कारण तत्काळ दिसले. डावी सगळे ओढते आहे. उजवीच्या वाट्याला काही उरतच नाही. त्याने पकड घेतली, डावीकडची नळी चेपून बंद केली आणि बटण दाबले.

मोटर कण्हली. डावीकडचा फवारा थांबला. उजवीकडे तेच दोन थेंब. त्याने चिडून बटण दाबूनच धरले. फट् असा आवाज झाला, फाट्यापाशी नळी निसटली आणि सगळे पाणी खाली मातीत गेले. आता दोन्ही बाजू कोरड्या होत्या.

वस्ताद शेजारी येऊन उभे होते. त्यांनी विचारले, "डावी बंद केलीस. उजवीला काय मिळालं?"

वस्तादांनी उजवीकडची पिचकारी हलक्या हाताने उपटून काढली आणि उजेडात धरली. तिच्या भोकात क्षाराचा पांढरा खडा घट्ट बसला होता. त्यांनी कादरभाईंना हाक मारून विचारले, टाकीत पाणी कुठले भरता आणि गाडी थांब्यावर कशी उभी राहते? कादरभाई लांबूनच म्हणाले की टाकीत बोअरचे पाणी असते आणि उजवे अंग दिवसभर उन्हात.

"बघ," वस्ताद म्हणाले. "मोटर दोघींना सारखंच पाणी देत होती. डावीनं हिचा थेंबही घेतला नाही. हिच्या तोंडाशी पाणी आलं, तिथंच थांबलं आणि वाळलं, त्याचा खडा झाला. आठ दिवसांपूर्वी तू मला जे करायला लावलंस, तेच आज या गाडीला केलंस. मी तुझ्या भावाचं नाव चेपून धरलं. लोक तुझ्याकडे वळले का? तोही फवारा गेला आणि तुझ्याकडंही काही आलं नाही. बाळा, तो गेला तेव्हा तू रडला नाहीस. ते पाणी कुठं गेलं, याचा मी सात महिने विचार करतोय."

एवढे बोलून ते आत गेले. येताना त्यांनी वाटीत कोमट पाणी आणले, त्यात लिंबू पिळले, पिचकारी बुडवली आणि वाटी धाकट्याच्या हातात दिली. टाचणी घालायची नाही, इतकेच बजावले. टाचणीने खडा आणखी आत जातो.

धाकटा पायरीवर वाटी घेऊन बसला. पाण्यात बारीक बुडबुडे येत होते. त्याला आठवले, गोरख पिचकारी साफ करताना ती उलटी धरून मागच्या बाजूने फुंकायचा, आणि पाणी चुकून धाकट्याच्या तोंडावर उडाले की म्हणायचा, आंघोळ झाली, आता देवाला जा. वाटी सांडू नये म्हणून त्याने ती दोन्ही गुडघ्यांत धरली आणि मान खाली घालून तो रडला. बराच वेळ रडला. त्या वेळात गॅरेजात कोणी हातोडा उचलला नाही.

मग त्याने तोंड पुसले, पिचकारी उलटी धरली आणि मागच्या बाजूने जोरात फुंकले. खडा उडाला. पिचकारी जागेवर बसवली, निसटलेली नळी जोडली, डावीवरची पकड काढली, टाकी भरली. बटण दाबले. काचेवर दोन फवारे शेजारी शेजारी उठले आणि लाल चिखल सरसर खाली उतरला.

कादरभाई चिंचेखालून जवळ आले. उलटे फुंकायची ही युक्ती कोणी शिकवली, असे त्यांनी जपूनच विचारले.

"गोरखनं," धाकटा म्हणाला. "माझा थोरला भाऊ. गाडी कुठलीही असो, माझं तोंड भिजवल्याशिवाय त्याचं काम पुरं होत नसे."

कादरभाई हसले आणि टायरवर टेकले. त्यांनी गोरखची एक गोष्ट सांगितली, मग धाकट्याने एक सांगितली. पाच वाजत आले. जीप सुरू करता करता कादरभाईंनी खिडकीतून डोके बाहेर काढले.

"इतकी वर्षं येतोय, पण तुझं नाव काय रे?"

धाकट्याने नाव सांगितले. ते ऐकायला वस्ताद हातातले काम थांबवून उभे राहिले होते. जीप घाटाकडे वळली. धाकट्याने खिशातून किल्ली काढली, पेटी उघडली आणि शर्ट पुन्हा खिळ्याला अडकवला. वस्ताद पुढे झाले नाहीत. त्या दिवशी त्याच्यावरची धूळ धाकट्यानेच झटकली.

ज्याचा हेवा वाटतो त्याची नळी चेपण्याआधी माणसाने आपली पिचकारी काढून एकदा उजेडात धरावी.