केरबा गुरुजींनी दाखवलेली मालिका

एका गावात एक भोळे गुरुजी होते. गाव आमचंच, म्हणून त्याचं नाव सांगत नाही. गुरुजींचं सांगतो: केरबा गुरुजी.

शाळेत दुपारच्या खिचडीला पोरांच्या दोन पंगती बसायच्या. वरल्या गल्लीची एक, खालल्या गल्लीची एक. हे शहाणपण पोरं घरूनच घेऊन आलेली. गुरुजींच्या जिवाला ते फार लागायचं. सगळी पोरं एका पंगतीत जेवलेली बघायची, एवढाच त्यांचा ध्यास.

मग मोठ्या बाईंनी शाळेत टीव्ही आणला. म्हणाल्या, "गुरुजी, मालिका दाखवा. त्यात नाना तऱ्हेची माणसं मिळून राहतात, पोरं बघून शिकतील. फक्त मारामारी दिसली की लगेच बंद करा."

पहिल्या दिवशी पुढं कोण बसणार यावरून पोरांचीच जुंपली. गुरुजींनी लगेच टीव्ही बंद केला. मारामारी चालूच. त्यांनी बटण पुन्हा दाबून बघितलं. तरी चालूच.

"अहो, पोरांची भांडणं बटणानं थांबतात होय?" बाई म्हणाल्या. "मध्ये पडायचं. दोघांचं ऐकून घ्यायचं."

दुसऱ्या दिवशी मालिकेत दोन शेजारी कुंपणावरून भांडायला लागले. गुरुजी उठले आणि टीव्हीपुढं हात पसरून उभे राहिले. "एकेकानं बोला." अर्धा तास पोरांना गुरुजींची पाठ दिसली.

बाईंनी कपाळाला हात लावला. "असल्या भांडणात पडू नये हो. पोरांना शांत बसवायचं आणि पुढचं बघू द्यायचं. शेवटी सगळे एक होतात."

तिसऱ्या दिवशी नवल झालं. टीव्ही नीट दिसावा म्हणून पोरं मिळेल तिथं घुसली आणि खिचडीलाही तशीच बसली. एक पंगत. गुरुजींना भरून आलं.

बातमी गावात गेली. दोन्ही गल्ल्या शाळेच्या अंगणात हजर. 'आमची पोरं यांच्या मांडीला मांडी लावून जेवणार?' शिव्या झाल्या, गचांड्या धरल्या. खोटं कशाला बोलू, सांगणाराही त्यात होता.

गुरुजींनी पंगतीचं तोंड अंगणाकडं वळवलं. "शांत बसा. पुढचं बघा."

पोरं घास चावत आम्हाला बघू लागली. पंगतीतली हौसा म्हणाली, "गुरुजी, हे आम्ही घरी बघितलंय."

आम्ही थबकलो. "आमचा तमाशा दाखवतोस पोरांना?" दोन्ही गल्ल्या एका सुरात ओरडल्या आणि पायातल्या वहाणा काढून, खांद्याला खांदा लावून गुरुजींच्या अंगावर धावल्या.

गुरुजी जागचे हलले नाहीत. पोरांकडं वळून आनंदानं म्हणाले, "बघा, झाले की नाही एक?"